परसातले बिनपगारी माळी

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा. आमच्या घरामागच्या परसात सहा माळी राबतात. एक भल्या सकाळी कामावर येतो, तर एक दिवेलागणीला. एक झकास शिवणकाम करतो. एक दिवसभर झोपा काढतो आणि रात्री बाहेर पडतो. कुणाला सहा पाय, कुणाला चार, कुणाला दोन आणि एकाला तर एकही पाय नाही! सुट्टी कुणी घेत नाही, पगार कुणी मागत नाही. ओळखा पाहू, कोण हे माळी?

नाही ओळखता आले? हरकत नाही. मलाही त्यांची ओळख व्हायला पुरतं एक वर्ष लागलं. त्या वर्षात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणूनच आज हा लेख.

आमचं गाव तेर. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी वसलेलं. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून सगळा महाराष्ट्र त्याला ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाचं नाव होतं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकात व्यापाऱ्यांसाठी माहिती दिली आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरावर जातं, असं त्यात लिहिलंय. आहे की नाही ऐट!

पण ऐट कितीही असली तरी पाणी मात्र आमच्याकडे बेताचंच. 2016 च्या एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. अशा मुलखात परसबाग करायची म्हणजे थोडी कसरतच. आमचं परस तरी केवढं? तीन-चार बाजा मावतील एवढं! तरी त्यात मी वाफे केले, वांगी लावली, चवळी लावली आणि कोथिंबीर पेरली.

आणि मग मी फवारा मारला

पावसाळा चांगला झाला. चवळीला शेंगा धरू लागल्या. एके दिवशी पाहतो तर काय, कोवळे शेंडे काळेकुट्ट! मोहरीहून बारीक किडे एकमेकांना चिकटून बसले होते. शेतकरी घरातल्या मुलांनी लगेच ओळखलं असेल. बरोबर, मावा! हा मावा झाडाचा रस शोषतो. मग पानं वळतात, शेंगा वाकड्या होतात.

त्याच वेळी चवळीशेजारच्या वांग्यावर एका शिंपी पक्ष्याच्या जोडीने घर केलं होतं. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढा हिरवट पक्षी. मोठ्या पानाच्या कडांना तो चोचीने भोकं पाडतो, त्यांतून कापसाचे नाहीतर कोळिष्टकाचे धागे ओवतो आणि पानाची पिशवी शिवून आत घरटं करतो. पिशवीत पिल्लं होती. आईबाप दर पाच-दहा मिनिटांनी अळ्या घेऊन येत. किती अळ्या! मी मोजायचा प्रयत्न केला आणि कंटाळून सोडून दिला.

माव्याला घाबरून मी शेतावर उरलेलं कीटकनाशक आणलं आणि सगळ्या परसावर फवारलं. दोन दिवसांत मावा साफ. मी खूश! पण तिसऱ्या दिवशी शिंप्याचं घरटं गप्प झालं होतं. पिल्लं औषधानं गेली की अळ्या न मिळाल्यानं, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण परसात त्या दिवशी एकही अळी नव्हती, एकही माशी नव्हती, आणि आईबाप काही परत आले नाहीत. त्या चवळीच्या शेंगा खायचं धाडसही मग घरात कुणाला झालं नाही.

आणि मावा? तीन आठवड्यांनी तो परत आला. पहिल्यापेक्षा दुप्पट!

असं का झालं? त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. माव्याची मादी अंडी घालत बसत नाही, बहुतेक वेळा ती थेट पिल्लंच देते. ती पिल्लं आठ-दहा दिवसांत मोठी होऊन स्वतः पिल्लं देऊ लागतात. मावा खाणारा जो ढालकिडा आहे, त्याला मात्र अंड्यापासून मोठं व्हायला तीन-चार आठवडे लागतात. फवाऱ्यात दोघेही मेले. पण शर्यतीत चोर पुढे गेला आणि पोलीस मागे राहिला. पोलीस मी स्वतःच मारले होते ना!

माळ्यांची हजेरी

पुढच्या वर्षी मी फवारा मारला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं परसात नुसता बसायचो आणि पाहायचो. तेव्हा कुठे हे सहा माळी दिसले. चला, हजेरी घेऊ या.

पहिली मधमाशी. ही भल्या सकाळी येणारी. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. त्याच्यात नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, त्यावरून ओळखायचं. नराचे पराग मादीपर्यंत पोचले नाहीत तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. हे पोचवायचं काम मधमाशी करते. पण टोमॅटो-वांग्याच्या फुलांपुढे मात्र मधमाशी हात टेकते! त्यांचे पराग मिठाच्या डबीत असावे तसे आत बंद असतात. तिथं लागतो मोठा काळा भुंगा, नाहीतर पोटावर निळे पट्टे असलेली एक देखणी माशी. ते फुलाला मिठी मारतात आणि अंग असं थरथरवतात की पराग भुरभुर खाली पडतात. कान देऊन ऐका, गुणगुण एकदम चढ्या आवाजात होते. ही निळ्या पट्ट्यांची माशी जुन्या मातीच्या भिंतीत नाहीतर मोकळ्या जमिनीत बीळ करते. म्हणून सगळं परस फरशी घालून बंद करू नका बरं!

दुसरा पतंग. दोडक्याची पिवळी आणि दुधी भोपळ्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. कारण त्यांचे पाहुणे रात्रपाळीचे! अंधार पडला की पतंग येतात. परसात रात्रभर मोठा दिवा जळत असेल तर ते बिचारे दिव्याभोवतीच फिरत बसतात.

तिसरा ढालकिडा. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला, अर्ध्या वाटाण्यासारखा. काही जण त्याला लेडीबर्ड म्हणतात. तो दिवसाकाठी माव्याचे कितीतरी किडे फस्त करतो. त्याची अळी मात्र कुरूप. काळपट, काटेरी, एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी. तिला पाहून पुष्कळ लोक चिरडून टाकतात. तुम्ही तसं करू नका, कारण मावा खाण्यात ती आपल्या आईबापांना हार जात नाही.

चौथा शिंपी पक्षी. त्याच्या जोडीला बुलबुल आणि आपली चिमणी. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना ती मऊमऊ अळ्या-किडेच भरवते. ही गोष्ट विसरल्यावर काय होतं ते चीनने पाहिलं. 1958 मध्ये तिथल्या सरकारने चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना मारण्याची मोहीम काढली. लोकांनी थाळ्या वाजवून चिमण्यांना बसूच दिलं नाही. लाखो चिमण्या मेल्या. मग पिकांवर किडी आणि टोळ वाढले, आणि 1960 मध्ये चिमणीचं नाव शत्रूंच्या यादीतून काढावं लागलं! आता तर 2010 पासून दरवर्षी 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होतो. त्यात पुढाकार होता आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा.

पाचवा भेक. म्हणजे तो खडबडीत अंगाचा बेडूक. दिवसा कुंडीखाली झोपतो, रात्री किडे, नाकतोडे, गोगलगाई गट्टम करतो.

आणि सहावं गांडूळ. ना हात, ना पाय, ना डोळे. तरी जमीन नांगरतं आणि पाचोळ्याचं खत करतं.

गोरोबाकाकांची आठवण

आता पाण्याचं पाहू. गोरोबाकाका कुंभार होते. त्यांची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी त्यांचं थापटणं पाहिलं आणि याचा उपयोग काय, असं विचारलं. काकांनी सांगितलं की, मडकं कच्चं की पक्कं ते याने कळतं. मग ते थापटणं प्रत्येक संताच्या डोक्यावर बसलं. नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले!

आपल्या बागेलाही असंच एक मडकं हवं. चांगलं भाजलेलं, म्हणजे पाण्यात विरघळणार नाही. पण रंग नाहीतर चकाकी न दिलेलं, म्हणजे पाझरत राहील. वाफ्याच्या मधोमध ते गळ्यापर्यंत पुरा. तोंड तेवढं वर ठेवा आणि पाण्याने भरून झाकण ठेवा. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू मातीत उतरतं. गंमत अशी की, भोवतीची माती कोरडी असली तर पाणी भराभर पाझरतं आणि ओली असली तर पाझर मंदावतो. म्हणजे कधी किती पाणी द्यायचं ते मडक्यालाच कळतं! झाडांची मुळं मडक्याभोवती गोळा होतात. पाणी उन्हात वाळत नाही, वाटेत मुरत नाही आणि वरची माती कोरडी राहिल्यामुळे तणही कमी उगवतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी शेतीग्रंथातही अशी पुरलेली मडकी आहेत. आपलं तगर नगर गजबजलेलं होतं, त्याच सुमाराची ही गोष्ट.

झाकण मात्र विसरायचं नाही. नाहीतर डास अंडी घालतात आणि भेकाचं पिल्लू आत पडतं. आमची काळी जमीन वाळली की भेगाळते. म्हणून तिच्यात शेणखत मिसळतो आणि वर उसाचं पाचट नाहीतर सोयाबीनचं भुसकट पसरतो. त्यामुळे ओल टिकते आणि गांडुळांची चंगळ होते.

फुटक्या मडक्याचं बूडही टाकू नका. त्यात दोन बोटं पाणी आणि चार खडे ठेवा. खड्यांवर बसून मधमाश्या पाणी पितात, कडेवर बसून चिमण्या. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि भांडं घासायचं, हे काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं!

शेळी आणि अडुळसा

आमच्या जिल्ह्याची उस्मानाबादी शेळी साऱ्या देशात नावाजलेली. पण नावाजलेली शेळी परसात शिरली की दहा मिनिटांत मेथीचा वाफा चाटूनपुसून मोकळा! त्यावर उपाय म्हणजे अडुळशाचं कुंपण. कडू पानांमुळे शेळी अडुळशाला सहसा तोंड लावत नाही. तमिळ भाषेत तर त्याच्या नावाचाच अर्थ ‘शेळी शिवत नाही ते’ असा सांगतात. त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे येतात आणि दाट फांद्यांत पक्ष्यांना आडोसा मिळतो.

औषधी झाडांतली तुळस, पानओवा, गवती चहा, पुदिना आणि कोरफड ही तर हवीतच. तुळशीला मंजिऱ्या आल्या की लहान मधमाश्यांची जत्रा भरते. कोथिंबीर आणि शेपू पूर्ण खुडून संपवू नका. दोन-दोन रोपं फुलू द्या. त्या बारीक फुलांवर इवल्या गांधीलमाश्या येतात, त्या अळ्यांच्या अंगात अंडी घालून त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. वाफ्याच्या कडेने झेंडू लावा. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी त्याच्यामुळे कमी होतात.

कढीपत्त्याच्या झाडावर मात्र एक पाहुणा हटकून येतो. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर पुसू नका. ती फुलपाखराची अळी असते! मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तिला चार डहाळ्या खाऊ द्या. आमटीच्या फोडणीला लागून लागून किती पानं लागतात? महिन्याभरात परसात फुलपाखरू उडेल.

आठ दिवसांचा नियम

आता सगळ्यात महत्त्वाचं. मावा पुन्हा आला तर काय करायचं? आमच्या घरी एक नियम आहे. कीड दिसली की आठ दिवस थांबायचं. पण थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही!

पहिल्या दिवशी पाहा, माव्यात कुठे ढालकिडा किंवा ती मगरीसारखी अळी आहे का? असेल तर निम्मं काम झालं. मुंगळे शेंड्याकडे चढताना दिसले तर समजा, ते माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस प्यायला चाललेत आणि त्या बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. रोज सकाळी शेंड्यांवर पाण्याचा जोरदार हबका मारा, नाहीतर बोटांनी मावा पुसून काढा. अगदीच भरलेला शेंडा खुडून टाका.

आठ दिवसांनी मावा वाढलेलाच दिसला, तरच मोठ्यांच्या मदतीने निंबोळी अर्क करा. 50 ग्रॅम निंबोळीचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात चिमूटभर साबण मिसळायचा. तोही संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर, फक्त बिघडलेल्या शेंड्यांवर.

खरं सांगू? दुसऱ्या वर्षी आमच्या चवळीवर मावा आला तेव्हा पाचव्या दिवशी माझा धीर सुटत आला होता. पंप मी हातात घेतलाही होता. सातव्या दिवशी त्याच शेंड्यावर मगरीसारख्या अळ्या मोजल्या, तेरा! मी पंप परत ठेवून दिला. त्या वर्षी काही शेंगा वाकड्या निघाल्या, काही अळीने पोखरल्या, चार भेंड्या खारीने पळवल्या. पण जे घरात आलं ते आम्ही बिनघोर खाल्लं.

आपलं बी आपल्या घरी

वेलावरची सगळ्यात छान शेंग मोडायची नाही, ती वाळू द्यायची. तेच पुढच्या वर्षीचं बी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच गावठी बी जपत जपत घरात बियाण्यांची बँक उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमच्या भागातही ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायका एकेका एकरात भाज्या, डाळी आणि धान्यं मिळून पिकवतात, तीही रासायनिक खतं-औषधं टाळून. 2016 मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमातर्फे ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. एकरभर जमिनीत जमतं, ते चार बाजांच्या परसात का नाही जमणार?

करून पाहा

मृगाचा पाऊस पडला की दोडका, कारलं, भोपळा, चवळी, भेंडी, गवार आणि अंबाडी लावा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाल, वांगी आणि टोमॅटो. उन्हाळ्यात हाव धरू नका. मडक्याभोवती तांदुळजा आणि थोडी काकडी पुरे. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅलरीत एक कढीपत्ता, एक तुळस, एक टोमॅटो आणि पाण्याचं एक भांडं एवढंही चालेल.

आणि एक वही करा. तिचं नाव ठेवा ‘आज कोण आलं?’ तारीख, वेळ, पाहुणा आणि तो काय करत होता, एवढंच लिहायचं.

आईबाबांसाठी

कीटकनाशकं थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवा. शेतातलं औषध परसातल्या भाजीवर नको. विटांचा नाहीतर लाकडांचा ढीग घराच्या दारापासून लांब ठेवा, कारण भेक आला की त्याच्या मागे साप येऊ शकतो. धामण बिनविषारी असते आणि उंदीर खाते हे खरं. पण साप ओळखीचा वाटो वा न वाटो, मुलांनी त्याच्याजवळ जायचं नाही. मोठ्यांना हाक मारायची.

मुलांनो, आमच्या भागातलेच आणखी एक संत सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी. त्यांना आपल्या मळ्यातल्या भाजीतच विठ्ठल दिसला. आपल्याला निदान तिथला ढालकिडा तरी दिसायला काय हरकत आहे?

यंदा आमच्या वांग्यावर पुन्हा दोन पानं एकमेकांना शिवलेली दिसतायत. मी अजून आत डोकावलो नाही. लांबूनच मोजतोय, आई किती वेळा अळी घेऊन येते ते. तुमच्या परसात कोण आलंय?